एकाच हीटच्या दोन जॉ प्लेट, एक टिकली अन् एक तडकली, काहून?

प्रश्न असा आहे, यवतमाळकडे गिट्टी क्रशर चालवणाऱ्या एका भाऊचा. दोन जॉ प्लेट, म्हणजे क्रशरच्या जबड्यात दगड फोडणाऱ्या मँगनीज स्टीलच्या प्लेट, एकाच फाउंड्रीतून आणल्या, हीट नंबर (भट्टीच्या एका घाण्याचा नंबर) एकच, सर्टिफिकेटवर दोन्हीचा कार्बन १.२ अन् मँगनीज १३ टक्के. एक प्लेट आरामात चालून रायली अन् दुसरी काही दिवसांतच मधातून तडकली. फाउंड्रीवाला म्हणते पुढच्या वेळी टायटॅनियम टाकून देतो, रेट थोडा जास्त लागेल. हे खरे आहे की टोपी घालणे चालू आहे, अन् तडकलेली प्लेट वेल्ड करून चालते का?

भाऊ, सर्टिफिकेट खोटेच असेल असे काही नाही. सर्टिफिकेटसाठी भट्टीतून नाही त लॅडलमधून, म्हणजे रस ओतायच्या बादलीतून, चमचाभर रस घेतात, त्याची टिकली पाडतात, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर ठेवतात, आकडे येतात. म्हणजे रसात काय काय होते ते कागदावर आले. तो रस साच्यात जाऊन कसा गोठला, किती वेळात गोठला, कुठून गोठत गेला, हे त्या कागदात कुठेच नसते, अन् मँगनीज स्टीलचे नशीब जास्त करून तिथेच लिहिले जाते. मी सगळी उमर स्टील फाउंड्रीत काढली, जॉ प्लेट, हॅमर, बकेटचे दात, मिलचे लायनर सगळे ओतले, अन् तुटलेल्या मालाच्या भांडणात दोन्ही पार्ट्या सर्टिफिकेट हातात धरूनच भांडत असतात हे खूप पाहिले.

मँगनीज स्टीलचेच असे काहून होते ते पहिले सांगतो. साधे लो अलॉय स्टील, म्हणजे बाकीचे धातू थोडेच मिसळलेले, समजा खोदाई मशीनच्या बकेटचे ०.३ टक्के कार्बनचे दात, गोठताना पहिले डेल्टा फेराइट बनते, मग त्याचे ऑस्टेनाइट होते, अन् आणखी थंड झाले की त्याचे फेराइट-परलाइट नाही त बेनाइट, मार्टेन्साइट. ही सगळी स्टीलच्या आतल्या अणूंच्या वेगवेगळ्या रचनांची नावे आहेत. प्रत्येक टप्प्यात जुने दाणे, म्हणजे ज्या बारीक स्फटिकांचे स्टील बनलेले असते ते, मोडतात, नवीन उगवतात. नंतर नॉर्मलाइज केले, म्हणजे तापवून हवेत निवू दिले, की पुन्हा एकदा मोडतात. त्यामुळे ओतताना दाणा जाड पडला तरी हीट ट्रीटमेंटमध्ये सुधारता येते. मँगनीज स्टील, जे रॉबर्ट हॅडफिल्ड नावाच्या इंग्रज धातुतज्ज्ञाने १८८२ मध्ये काढले अन् अजून आपण तेच वापरतो, त्यात कार्बन इतका असतो की डेल्टा होतच नाही, रस सरळ ऑस्टेनाइट म्हणून गोठते, अन् पाण्यात बुडवल्यावरही ऑस्टेनाइटच राहते. मधात कुठे दाणे मोडायचा चान्सच नाही. ते १०५० डिग्रीला तापवून पाण्यात टाकणे जे आहे, त्याने दाण्याच्या कडेला जमलेले कार्बाइड, म्हणजे कार्बनचे कडक ठिसूळ कण, विरघळून जातात, मालाला चिवटपणा येतो, पण दाणा जसा होता तसाच राहते, जास्त वेळ जास्त टेम्परेचरला ठेवला त उलटा वाढते. म्हणजे साच्यात जो दाणा पडला तो प्लेट भंगारात जाईपर्यंत तोच.

आता तो दाणा जाड का बारीक पडते कशाने? घरी तूप कढवून हळूहळू निवू दिले की मोठा रवा पडते अन् लवकर थंड केले की बारीक, तसेच आहे पहा, फक्त लोखंडात आणखी एक भानगड आहे. साच्याच्या भिंतीला रस लागला की तिथे एक पातळ बारीक दाण्याचा थर लगेच गोठते. मग उष्णता भिंतीतूनच बाहेर जात असल्यामुळे तिथून आतल्या बाजूला लांब लांब दाणे सरळ रेषेत वाढत जातात, त्याले कॉलम्नर म्हणतात. अन् मधात, जर रस तोपर्यंत बऱ्यापैकी निवलेला असेल, तर तरंगणारे बारीक स्फटिक, म्हणजे डेंड्राइटच्या (झाडासारख्या फांद्या फुटत वाढणाऱ्या स्फटिकाच्या) तुटलेल्या फांद्या, जिवंत राहतात अन् त्यांच्यापासून गोल गोल दाणे चारी बाजूने वाढतात. रस जर खूप गरम ओतला असेल त त्या फांद्या परत वितळून जातात, लांब दाणे दोन्हीकडून वाढत वाढत थेट मधात येऊन भिडतात. जिथे भिडतात तिथे शेवटचा रस गोठते, अन् त्या शेवटच्या रसात फॉस्फरस, कार्बन, घाण, बारीक पोकळ्या सगळे गोळा झालेले असते. जाडीच्या मधोमध एक कमजोर पट्टा तयार झाला. वरून जॉचा मार बसला की प्लेट तिथूनच सुरू होते.

अन् इथेच एकाच हीटच्या दोन प्लेट वेगळ्या पडतात. लहान फाउंड्रीत एका भट्टीतून सात-आठ साचे भरायचे असतात. शेवटच्या साच्यापर्यंत रस गोठू नये म्हणून भट्टी जास्त तापवून घेतात, अन् तेवढ्यात लाइट गेली तर काय करायचे ही पण धास्ती असतेच. मँगनीज स्टीलचा रस गोठायला १४०० डिग्रीच्या आसपास सुरू होते, जाड प्लेट असेल त १४२० ते १४५० मध्ये ओतली की बरे. पण भट्टीतून १५५० ले काढला तर पहिला साचा १५०० च्या वर भरते अन् शेवटचा १४२० ले. हीट नंबर एक, केमिस्ट्री एक, सर्टिफिकेट एक, अन् आतले दाणे पाहिले त दोन वेगवेगळ्या फाउंड्रीचा माल वाटेल. तुमची तडकलेली प्लेट पहिल्या साच्यातली होती असे मी इथून बसून सांगू शकत नाही, पण माझा पहिला शक तिथेच जाते. फाउंड्रीवाल्याले एकच विचारा, ओतताना टेम्परेचर कशाने मोजता? इमर्शन पायरोमीटर, म्हणजे रसात बुडवायचा तापमापक, आहे म्हणाला तर पुढची गोष्ट करा. डोळ्यानं कळते म्हणाला तर टायटॅनियम राहू द्या बाजूला, पहिले पायरोमीटर घ्यायले लावा.

जाडीचा हिशोब पण लोक हलक्यात घेतात. च्वोरिनोव्ह नावाच्या इंजिनिअरने १९४० मध्ये मांडलेला नियम आहे, गोठायचा वेळ हा आकारमान भागिले थंड होणारे क्षेत्रफळ, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ६० मिलिमीटरची प्लेट अन् १२० ची प्लेट, जाडी दुप्पट पण गोठायला वेळ चौपट. आमचे गिऱ्हाईक येऊन म्हणते, भाऊ, जरा जाड करा, जास्त दिवस टिकेल. जाड केली की दाणा जाड, डेंड्राइटच्या फांद्यांमधले अंतर जास्त, अन् मँगनीज स्टील उष्णता नीट वाहून नेत नाही त्यामुळे पाण्यात बुडवल्यावर मधला भाग लवकर थंडच होत नाही, तिथे कार्बाइड परत दाण्याच्या कडेला येऊन बसतात. १२५-१५० मिलिमीटरच्या वर गेले की साध्या हॅडफिल्ड (मँगनीज) स्टीलमध्ये मधला भाग चिवट ठेवणे खूप कठीण जाते. जाड पाहिजेच असेल त कार्बन थोडा खाली आणून मॉलिब्डेनम एक टक्क्याच्या आसपास टाकतात, एएसटीएम ए १२८ या मँगनीज स्टील कास्टिंगच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये त्याची वेगळी ग्रेड आहे. क्रोमियम दोन टक्के टाकून पण घेतात लोक, त्याने सुरुवातीची मजबुती वाढते, प्लेट पसरत नाही, पण क्रोमियमचे कार्बाइड विरघळायले जास्त टेम्परेचर लागते, अन् फाउंड्रीवाल्याने जुन्याच टेम्परेचरला काढली की चिवटपणा गेला. जाड जागी साच्यात चिल लावणे, म्हणजे लोखंडाचा ठोकळा बसवून तिथली उष्णता लवकर ओढून घेणे, हा सर्वात स्वस्त अन् खात्रीचा इलाज आहे, पण चिल कोरडा अन् बिनजंगाचा पाहिजे, नाही त तिथेच गॅसची भोके पडतात.

फॉस्फरसवर थोडे थांबतो, कारण हा आपल्या विदर्भाचा खास विषय आहे. मँगनीज आपल्याच जमिनीत आहे, मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी पहा, अन् फेरो मँगनीज, म्हणजे रसात मँगनीज टाकायसाठी लोखंड-मँगनीजचे मिश्रण, चंद्रपूरले बनते. पण आपल्या देशी मँगनीज दगडात फॉस्फरस सोबतच येते. हिशोब करून पहा. एक टन स्टीलमध्ये १३ टक्के मँगनीज पाहिजे अन् फेरो मँगनीजमध्ये ७२ टक्के मँगनीज आहे, तर साधारण १८० किलो फेरो मँगनीज लागले, जळून जाते ते सोडून. त्यात फॉस्फरस ०.३५ टक्के असेल त एकट्या त्यातून ०.०६३ टक्के फॉस्फरस आला. बाकी ८२० किलो स्क्रॅपमध्ये ०.०३ टक्के धरला तर आणखी ०.०२५. झाले ०.०८८. स्टँडर्ड म्हणते ०.०७ च्या वर नको, अन् मी तर म्हणतो मार खाणाऱ्या मालात ०.०५ च्या खालीच पाहिजे. हा फॉस्फरस इंडक्शन भट्टीत, म्हणजे लहान फाउंड्रीतल्या विजेच्या भट्टीत, काढता येत नाही. काढायचा तर ऑक्सिजन देऊन चुन्याच्या स्लॅगमध्ये (रसावर तरंगणाऱ्या मळीत) न्यावा लागते, अन् तसे केले की फॉस्फरसच्या आधी मँगनीजच जळून जाते. म्हणून जे आत गेले ते आतच राहिले. अन् जुन्या तुटलेल्या जॉ प्लेट परत परत वितळवत गेले की दर फेरीत नवीन फेरो मँगनीजसोबत नवीन फॉस्फरस चढत जाते. खरेदीच्या वेळी फेरो मँगनीजचा फॉस्फरस विचारून घेणे एवढाच उपाय आहे, कमी फॉस्फरसचा माल महाग पडते, अन् नेमके तिथेच पैसे वाचवतात.

हा फॉस्फरस गोठताना काय करते? लोखंड घट्ट होताना फॉस्फरसले आत जागा देत नाही, उरलेल्या रसात ढकलते. शेवटी दाण्यांच्या कडेला फॉस्फरस, कार्बन अन् लोखंड मिळून एक असा पातळ थर बनते जो साधारण ९५० डिग्रीलाच वितळते. आता मजा पहा, पाणी द्यायच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या आधी आपण माल १०५०-११०० ले तापवतो. म्हणजे बाकी प्लेट घट्ट अन् दाण्यांच्या मधला थर वितळलेला. तिथे भेग पडायले काही जोर लागत नाही. दाणा जितका मोठा तितक्या एकूण कडा कमी, मग तेवढाच फॉस्फरस कमी कडांवर जाड थरात बसते. म्हणून जाड दाणा अन् जास्त फॉस्फरस एकत्र आले की एक अधिक एक दोन होत नाही, चार होतात. सर्टिफिकेटवर फॉस्फरसचा रकाना पहा तुमच्या. खूप जागी तो रकानाच नसते, कार्बन अन् मँगनीज छापून मोकळे.

आता टायटॅनियम. फसवणूक म्हणणार नाही, पण अर्धवट गोष्ट आहे. रसात असे बारीक कण तयार करायचे की ज्यांच्यावर स्फटिक सहज उगवते, म्हणजे उगमाच्या जागा वाढल्या अन् दाणे बारीक झाले, अशी ती कल्पना आहे. ब्रॅमफिट नावाच्या संशोधकाने १९७० मध्ये हे नीट मोजून दाखवले, कणाच्या पृष्ठभागावरची अणूंची मांडणी लोखंडाच्या मांडणीशी जितकी जुळते तितके स्फटिक लवकर धरते, अन् टायटॅनियम नायट्राइड त्यात सर्वात चांगले निघाले, टायटॅनियम कार्बाइड त्याच्या मागे. पण ते सगळे डेल्टा फेराइटसाठी होते. वर सांगितले नं, मँगनीज स्टील डेल्टा करतच नाही, सरळ ऑस्टेनाइट. म्हणून तो निकाल डोळे झाकून इथे लावता येत नाही. टायटॅनियमचा फायदा दिसते कधीकधी, मी नाही म्हणत नाही, पण १.२ टक्के कार्बनच्या रसात टायटॅनियम जास्त झाले की कार्बोनायट्राइडचे कोनदार तुकडे बनतात, मायक्रोस्कोपखाली सोनेरी-नारिंगी चौकोन दिसतात ते, एकमेकाले चिकटून गुच्छ होतात अन् भेग सुरू व्हायची आयती जागा तयार होते. वरून टाकायची वेळ चुकली तर सगळेच वाया. ॲल्युमिनियमने रसातला ऑक्सिजन पहिले मारायचा, मग टायटॅनियम, अन् तेही लॅडलमध्ये अगदी शेवटी, कारण दहा-पंधरा मिनिटे थांबले की कण वर तरंगून स्लॅगमध्ये जातात किंवा गुच्छ करतात. भट्टीत टाकून चहा प्यायले गेले तर काही उरत नाही. सिरियमवाले मिश मेटल, म्हणजे दुर्मिळ धातूंचे मिश्रण, पण असेच आहे, सल्फर अन् ऑक्सिजन बांधून घेते, योग्य प्रमाणात दाण्यालाही मदत करते, जास्त झाले की घाण.

माझे मत विचाराल त दाणा बारीक करायचा पहिला, दुसरा अन् तिसरा उपाय म्हणजे टेम्परेचर खाली आणून ओतणे. ५० डिग्री सुपरहीट, म्हणजे गोठायच्या टेम्परेचरच्या वरची जास्तीची गरमी, कमी केल्याने जे मिळते ते किलोभर फेरो टायटॅनियम टाकून मिळत नाही, अन् फुकट मिळते. हो, थंड ओतायचे तर रनर (साच्यात रस नेणाऱ्या वाटा) मोठे, ओतणे झपाट्याने, लॅडल लाल होईपर्यंत तापवलेली अन् साचे जवळजवळ मांडलेले पाहिजेत, नाही त कोपरे भरत नाहीत. ही मेहनत नको असते म्हणून पुडीवर विश्वास.

लो अलॉयच्या दातांची गोष्ट मात्र वेगळी आहे, अन् वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खदानीत काम करणारे पण हे वाचतील म्हणून थोडे लिहितो. तिथे दाणा हीट ट्रीटमेंटने सुधारते, पण गोठताना झालेला भेदभाव सुधरत नाही. डेंड्राइटच्या फांद्या पहिले गोठल्या, त्यात मँगनीज-मॉलिब्डेनम कमी, अन् फांद्यांच्या मधात जास्त. कार्बन तापवल्यावर काही तासांत सारखा पसरते, बाकीचे जागचे फारसे हलत नाहीत. पसरायले लागणारा वेळ अंतराच्या वर्गावर जाते, म्हणून फांद्यांमधले अंतर अर्धे झाले की वेळ एक चतुर्थांश, अन् ते अंतर ठरते गोठायच्या वेगाने. इथे पण परत तीच गोष्ट, चिल लावा, जाडी सारखी ठेवा, थंड ओता. नाही त क्वेंच केल्यावर (तापवून झपाट्याने थंड केल्यावर) एका पट्ट्यात कडक मार्टेन्साइट अन् बाजूच्या पट्ट्यात बेनाइट, हार्डनेस टेस्टर दोघांचे सरासरी सांगते अन् आपण खुश.

ॲल्युमिनियमचा डोस हा दातांमध्ये खूप बिघडवते. अगदी थोडे टाकले तर सल्फाइड (सल्फरचे कण) दाण्याच्या कडेला साखळीसारखे बसतात, हा सर्वात वाईट प्रकार, काहीच न टाकता नुसत्या सिलिकॉनने मारलेल्या स्टीलपेक्षा वाईट. गोठलेल्या मालात ०.०२ ते ०.०५ टक्के उरेल इतके टाकले की सल्फाइड तुटक-तुटक, विखुरलेले बसतात. अन् भीतीने खूपच टाकले, त्यात जाड कास्टिंग अन् नायट्रोजन जास्त, की ॲल्युमिनियम नायट्राइड कडेवर जमते अन् तुटल्यावर तोंड खडीसारखे दिसते, त्याले रॉक कँडी फ्रॅक्चर म्हणतात. सोबत थोडे कॅल्शियम सिलिसाइड दिले की ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम-ऑक्सिजनचे) काटेरी कण वितळून गोल होऊन वर येतात, पण कॅल्शियम १४८४ डिग्रीलाच उकळते, वरून शिंपडले तर धूर होऊन गेले, खाली दाबून द्यावे लागते. अन् पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, फेरो अलॉय अन् चुना ओला, वाळू ओली, सगळा हायड्रोजन रसात, तेव्हा अलॉय तापवून टाका. आपल्याकडे मे महिन्यात जो माल साफ निघते तोच ऑगस्टमध्ये टाचणीच्या भोकांनी भरून येते, अन् पोट्टे मोल्डरले शिव्या देत असतात.

तुमच्याकडे जो तडकलेला तुकडा आहे तो फेकू नका, भंगारवाल्याले देऊ नका. तुटलेले तोंड पहा, पाण्याने धुवा पण ग्राइंडर मारू नका. काही भाग काळा-निळा, जुना दिसत असेल अन् बाकी चकचकीत, तर भेग क्रशरवर बसवायच्या आधीचीच होती, साच्यात गोठतानाची किंवा तापवतानाची. मँगनीज स्टील थंड होताना साध्या स्टीलपेक्षा जास्त आकसते, पॅटर्नला (ज्यावरून साचा पाडतात त्या नमुन्याला) साधारण अडीच टक्क्यांच्या वर सूट द्यावी लागते, साचा कडक असेल त फाटतेच. सगळे तोंड नवीन अन् बाहेरून मधात येणाऱ्या लांब चमकदार सुयांसारखे असेल त गरम ओतल्याचा पुरावा हातात आहे. मग साधे लोहचुंबक लावा. नीट पाणी दिलेल्या मँगनीज स्टीलले चुंबक धरत नाही. वरच्या सालीले थोडे धरेल, कारण तापवताना पृष्ठभागाचा कार्बन जळते, त्याचे घाबरू नका. तुटलेल्या तोंडावर, मधल्या भागात धरले की पाणी बरोबर बसले नाही किंवा माल मुळातच दुसरा आहे असे समजा. पण चुंबकाने धरले नाही म्हणजे सगळे ठीक, असे पण नाही, दाण्याच्या कडेवरचे बारीक कार्बाइड चुंबकाले कळत नाहीत, त्याले तुकडा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली पाहावा लागते. नागपुरात टेस्टिंग लॅबमध्ये हे होऊन जाते, नवीन प्लेटच्या किमतीच्या मानाने खर्च काहीच नाही.

पुढच्या ऑर्डरमध्ये इतके लिहून घ्या की फॉस्फरस ०.०५ च्या खाली, ओतायचे टेम्परेचर प्रत्येक साच्याचे लिहिलेले, अन् रायझर, म्हणजे माल आकसताना जास्तीचा रस पुरवणारा वरचा खुंटा, तोडल्यावरचा मानेचा तुकडा प्लेटसोबत पाठवायचा. मँगनीजचे रायझर पाणी द्यायच्या आधी ठिसूळ असतात, बारीक मान ठेवली तर हातोड्यानेच तुटतात, त्यामुळे ते तोंड फुकटात पाहायले मिळते. गॅस कटरने कच्च्या मालाचे रायझर कापत असतील तर तिथे पण भेगा पडतात हे त्याले सांगा.

वेल्डिंगचे म्हणाल त मधातून आरपार तडकलेली प्लेट जोडून जॉमध्ये परत बसवू नका, तुटून खाली गेली तर पिटमन, टॉगल प्लेट, क्रशरच्या जबडा हलवणाऱ्या सगळ्या भागांचे नुकसान. झिजलेल्या जागी भर घालायची असेल तर चालते. प्रीहीट करायचे नाही, मँगनीजचाच नाही त स्टेनलेस १८/८ मँगनीज टाइप इलेक्ट्रोड घ्या, लहान लहान मणी मारा, वेल्डच्या बाजूची जागा २६० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, गरज पडली तर थांबा, पाणी मारा. वेल्डर म्हणेल गरम गरमच एका दमात भरतो, लवकर होते. त्याले तसे करू दिले की १०५० ले तापवून पाणी देऊन विरघळवलेले सगळे कार्बाइड वेल्डच्या बाजूला परत येऊन बसतात, अन् नवीन भेग नेमकी वेल्डच्या कडेने निघते.